तीन बोटांचं आमंत्रण

नागपुरात हुडकेश्वरला राहायला आल्यापासून आमच्या कॉलनीत माझी ओळख "दवाखान्यात होत्या त्या बाई" अशी आहे. सकाळी फिरायला निघाले की कोणी गुडघ्यावरची गोळी विचारतं, कोणी सुनेचे रिपोर्ट घेऊन गाठतं. मी डॉक्टर नव्हते, नर्सही नव्हते, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग तुम्ही तिथं करत काय होत्या?"

"पेपरवाल्यांना बोलावत होते."

यावर समोरचा माणूस मला खालपासून वरपर्यंत न्याहाळतो. एवढ्यासाठी कोणी पगार देतं, हे त्याला पटत नाही. कधी कधी मलाही पटत नसे.

कॅन्सरवर उपचार करणाऱ्या एका धर्मादाय रुग्णालयात मी जनसंपर्क अधिकारी होते. तपासणी शिबिर, शाळेतलं व्याख्यान, पदयात्रा असं काही ठरलं की वर्तमानपत्रांना आणि चॅनेलवाल्यांना आधी एक कागद पाठवायचा. त्याला मीडिया ॲडव्हायझरी असं भारदस्त नाव आहे. आम्ही ऑफिसात नुसतं 'आमंत्रण' म्हणायचो. प्रेसनोट वेगळी. ती कार्यक्रम झाल्यावर जाते आणि काय घडलं ते सांगते. आमंत्रणाच्या वेळी अजून काहीच घडलेलं नसतं. काय घडेल, कुठे, किती वाजता, बोलायला कोण भेटेल आणि फोटो कशाचा मिळेल, एवढं एका पानात मावलं पाहिजे. वार्ताहराकडे रोज असे ढीगभर कागद येतात. तो पहिल्या तीन ओळी वाचतो आणि ठरवतो. चौथ्या ओळीपासून पुढे आपण स्वतःच्या समाधानासाठी लिहायचं.

हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. सुरुवातीला मी पहिल्या ओळीत प्रमुख पाहुण्यांचं नाव घालायची, कारण आमच्या विश्वस्तांना ते तिथे हवं असायचं. पाहुणे यायचे, दीपप्रज्वलन व्हायचं आणि फोटोग्राफर मात्र एकही नसायचा. दीपप्रज्वलनाचा फोटो दीप लावणाऱ्याशिवाय कोणालाच नको असतो. एकदा पदयात्रेला मी सकाळी सहाची वेळ दिली. रात्रपाळी करून झोपलेला पत्रकार सहाला उठेल, असं मला वाटलं होतं. आम्ही फलक घेऊन चालत राहिलो आणि आमच्याकडे बघायला दूधवाले तेवढे होते. एकदा तारीख बरोबर टाकली आणि वार चुकला. निम्मे पत्रकार सोमवारी आले, निम्मे मंगळवारी. मंगळवारवाल्यांसाठी डॉक्टरांना तेच भाषण पुन्हा करायला लावलं. दुसऱ्या दिवशीचं जास्त चांगलं झालं.

पण हे सगळे गमतीचे किस्से. लिहायला बसले ते नागपूरजवळच्या हिंगण्याच्या शिबिराबद्दल.

विदर्भाबाहेरच्या वाचकांना खर्रा माहीत नसेल, म्हणून सांगते. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटतात आणि त्याची पुडी बांधतात. कामगार, वकील, विद्यार्थी, मास्तर, सगळे खातात. विक्रीला बंदी आहे. पानठेल्यावर गेलात तर बंदीची पाटी दिसते आणि तिच्या खाली खर्राही मिळतो.

आमच्याकडे तोंडाच्या शस्त्रक्रिया करणारे डॉ. सरोदे होते. मोजकं बोलणारे, तापट. एके दिवशी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "लोक माझ्याकडे येतात तेव्हा कापण्याशिवाय काही उरलेलं नसतं. आधी तिखट झोंबायला लागतं, गालात पांढरा चट्टा येतो, तोंड कमी उघडतं. तेव्हा एकही जण येत नाही. आता आपणच जायचं." हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या फाटकाजवळ, दुपारी, सकाळची पाळी सुटताना मोफत तपासणी करायची, असं त्यांनी ठरवलं होतं. कारखान्यानं गाड्या लावायची शेड द्यायचं कबूल केलं होतं. आमंत्रणाचा मसुदाही त्यांनी स्वतःच लिहून आणला होता. त्यातलं पहिलं वाक्य पाच ओळींचं होतं आणि त्यात पूर्व-कर्करोगी अवस्था, श्लेष्मल आवरण असे शब्द होते.

"डॉक्टर, हे वाचून माणूस घाबरायच्या आधी झोपेल," मी म्हटलं.

"मग तुम्ही सांगा काय लिहायचं."

"ओपीडीत नवीन पेशंट आला की त्याला पहिल्यांदा काय सांगता?"

त्यांनी हाताची मधली तीन बोटं जुळवली, हात उभा धरला आणि बोटं एकावर एक अशी वरच्या-खालच्या दातांच्या मधे घातली. मग बोटं काढून म्हणाले, "हे करायला सांगतो. ज्याची जात नाहीत, त्यानं दाखवायला यायचं."

मी डॉक्टरांचा मसुदा बाजूला ठेवला आणि मथळा लिहिला : 'तुमच्या तोंडात तीन बोटं जातात का?'

आता बोलायला माणूस हवा होता. डॉक्टर बोलतातच, पण वाचकाला आपल्यासारखा कोणी हवा असतो. मला दिलीपभाऊ आठवले. ते हिंगण्यातच मशीनवर कामाला होते. रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून खर्रा धरला आणि तो सुटला नाही. शस्त्रक्रियेत खालचा अर्धा जबडा गेला. गालाच्या जागी छातीचं मांस आणि कातडं लावलं होतं. बोलणं तुटक, पण लक्ष देऊन ऐकलं तर कळायचं. तपासणीला आले की ते आपणहून वॉर्डात जायचे आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी धास्तावलेल्या माणसाजवळ बसायचे. चेहऱ्याला सतत दुपट्टा. आमच्या नागपुरात ऊन इतकं की तोंडाला दुपट्टा बांधलेल्या माणसाकडे कोणी दोनदा बघत नाही. उन्हाळा त्यांना बरा वाटायचा. हिवाळ्यात ते घराबाहेर कमी पडत.

मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी निर्मलाताई ब्लाऊज शिवायच्या. माझं बोलणं ऐकताना त्यांनी मशीन थांबवलं नाही. शेवटी थांबवलं.

"ताई, तुमचं काम चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. पण पोरीचं लगन जमून राहिलं. रामटेककडचे लोक आहेत. ह्याईले आजार झाला होता हे त्यायले माहीत आहे. चेहरा नाही पाहिला अजून त्यायनं. पेपरात असा फोटो आला आणि ते मागं सरले, तर पोरीले मी काय सांगू?"

दिलीपभाऊ खाली बघत होते. मुलगी आतल्या खोलीत होती, तिला सगळं ऐकू जात असणार. मी उठायच्या तयारीत होते, तेवढ्यात ते म्हणाले, "बोलतो मी. नाव नका टाकू. दुपट्टा नाही काढणार."

निर्मलाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "पाहा गा तुम्ही," एवढंच म्हणाल्या आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

मी आमंत्रणात तसं स्पष्ट लिहिलं. उपचारानंतर बरे झालेले एक कामगार बोलतील, त्यांचं नाव आणि चेहरा प्रसिद्ध करू नये. तपासणीला येणाऱ्यांचे चेहरे टिपू नयेत, रांगेचा पाठमोरा फोटो घेता येईल. पाहुण्यांचं नाव सर्वांत शेवटी टाकलं. विश्वस्तांनी फोन करून विचारलं, "हे तीन बोटांचं काय लावलं आहे? संस्थेची प्रतिष्ठा आहे की नाही?" मी म्हटलं, "साहेब, तुमची जातात का बघा आधी." पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "ठीक आहे, पाठवा."

संध्याकाळी एका दैनिकातून अमोलचा फोन आला. आरोग्याच्या बातम्या करणारा, बडबड्या मुलगा.

"मॅडम, क्या भेजा आपने! पूर्ण डेस्क तोंडात बोटं घालून बसला आहे. संपादक पण."

आम्ही दोघं हसलो. मग त्याचा आवाज बारीक झाला.

"मॅडम, माझी दोनच जातात."

"उद्या ये."

"बातमीसाठी येऊ की पेशंट म्हणून?"

"दोन्ही कामं कर."

दुसऱ्या दिवशी मी नोकरीत कधी पाहिली नव्हती एवढी गर्दी झाली. पेपरवाल्यांची. दैनिकांचे फोटोग्राफर, चॅनेलच्या गाड्या, मोबाईलवर बातम्या करणारी पोरं. शेडमधे डॉ. सरोदे बॅटरी घेऊन बसले होते, त्यांच्यासमोर रिकामी खुर्ची. बाजूला दिलीपभाऊ दुपट्टा बांधून आणि त्यांच्याजवळ निर्मलाताई. मी सगळ्यांना तर्री पोहे दिले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

पाळी सुटली. कामगारांचा लोंढा फाटकातून बाहेर आला. शेडवरचा फलक बघून पुढचे काही जण थबकले, आमच्याकडे वळलेही. तेवढ्यात एक चॅनेलवाला माईक घेऊन धावला. "भाऊ, किती वर्षांपासून खर्रा खाता? कॅन्सरची भीती वाटत नाही का?" त्या माणसानं दुपट्टा नाकापर्यंत ओढला आणि मोटरसायकलकडे चालू लागला. त्याच्यामागून सगळेच. कोणी हेल्मेट चढवलं, कोणी तोंडावर हात धरला, कोणी सरळ कंपनीच्या बसमधे जाऊन बसलं.

मी एकाला गाठलं. "थांबा नं भाऊ, फुकट आहे. काहून चालले?"

"मॅडम, आज फोटो निघाला की उद्या सुपरवायजरच्या हाती पेपर. त्यानं खर्र्यापायी काढलं तर तुम्ही देता काय नोकरी?"

मी धावत फोटोग्राफरांकडे आले. मागं सरा, चेहरे घेऊ नका, मी लिहिलं होतं नं, असं ओरडत राहिले. त्यांनी कॅमेरे खाली घेतले नाहीत. एक जण म्हणाला, "मॅडम, बोलावलं तुम्हीच नं? आता काय रिकाम्या खुर्चीचा फोटो नेऊ?" त्याचंही खोटं नव्हतं. माझा मथळा सगळ्यांनी वाचला होता. चेहऱ्यांबद्दलची ओळ सातवी होती.

डॉ. सरोदे खुर्चीतून उठले नाहीत. बॅटरी हातात धरून ते बसकडे बघत होते. बस भरत आली होती. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हा दिलीपभाऊ उठले. शेडमधून बाहेर पडून रस्ता ओलांडला आणि समोरच्या कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले. तिथून त्यांनी हाक मारली. पहिल्यांदा ती कोणालाच कळली नाही. दुसऱ्यांदा त्यांनी जोर लावला.

"ओ पेपरवाले भाऊ! इकडं या!"

आणि दुपट्टा सोडला.

मी त्यांना वॉर्डात पाहिलं होतं, तरी भर दुपारच्या उजेडात तो चेहरा बघणं वेगळं होतं. एका बाजूनं हनुवटीच नाही, ओठ खाली ओढलेला, गालावर छातीच्या कातडीचा चौकोन आणि त्यावर छातीचेच केस. कॅमेरे वळले. चॅनेलवाले रस्ता ओलांडून पळाले.

"माहा फोटो घ्या," ते म्हणाले. "लागतील तितके घ्या. त्यायच्या मागं नका लागू."

मी निर्मलाताईंकडे पाहिलं. त्या शेडमधेच उभ्या होत्या, खुर्चीची पाठ घट्ट धरून. मग त्याही रस्ता ओलांडून गेल्या. मला वाटलं, नवऱ्याला परत आणायला निघाल्या. त्या त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. बोलताना दिलीपभाऊंच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ यायची, ती त्या पदरानं पुसत होत्या. सगळ्या कॅमेऱ्यांसमोर. कोणी नाव विचारलं तर दिलीपभाऊंनी पूर्ण नाव सांगितलं, कोणत्या कारखान्यात होते ते सांगितलं, दिवसाला किती पुड्या लागायच्या तेही सांगितलं.

इकडे बसमधून एक माणूस उतरला. आजूबाजूला बघत शेडमधे आला आणि खुर्चीवर बसला. "आ करा," डॉक्टर म्हणाले. मग दुसरा आला. मग दोघं-तिघं मिळून आले. मी एका बाजूला ताडपत्री ओढून आडोसा केला. बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला आणि शेवटी स्वतःच रांगेत उभा राहिला. रांगेत माझं लक्ष अमोलकडे गेलं. खांद्यावरची बॅग काढून त्यानं पायाशी ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत दिलीपभाऊंचा फोटो होता. निर्मलाताईही होत्या, पदर वर धरलेल्या. पूर्वीच्या हिशेबानं तो माझ्या नोकरीतला सर्वांत यशस्वी दिवस. दुपारी निर्मलाताईंचा फोन आला.

"ताई, रामटेककडून फोन होता. मुलाचे वडील उद्या येऊन राहिले. एकटेच. कशाले, ते नाही सांगितलं." मग म्हणाल्या, "तुम्ही येता का? चेहरा छापू नका असं तुम्ही लिहिलं होतं, एवढं सांगा त्यायले. आम्ही लपवून राहिलो होतो असं नको वाटायले."

मी गेले. मुलाचे वडील धानाची शेती करणारे, उंच, पांढरी टोपी. घडी केलेला पेपर त्यांच्या मांडीवर. दिलीपभाऊ समोर बसले होते, दुपट्टा न बांधता. आता बांधून उपयोगच नव्हता. चहा झाला. यंदाचा धान, रस्त्याचं काम, असं काहीबाही बोलणं झालं. मी पाठ करून आणलेलं वाक्य सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात पाहुण्यांनी पेपरवर बोट ठेवलं.

"ही तीन बोटं म्हणजे आडवी का उभी गा?"

दिलीपभाऊंनी हात उभा धरून दाखवलं. त्यांच्या स्वतःच्या तोंडात एकच बोट मावायचं. पाहुण्यांनी टोपी सारखी केली, तोंड उघडलं आणि बोटं घालून पाहिली. दोन गेली. तिसरं दातांवर अडलं. त्यांनी हात खाली घेतला.

"काल घरी पाह्यलं. पोराची जातात. बायकोची जातात. माही नाही जात. मले वाटलं, चुकून राहिलो म्हणून विचारायले आलो."

निर्मलाताई झटकन आत गेल्या. मोरीत नळ जोरात सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ तो बंद झाला नाही. लग्नाबद्दल त्या दिवशी कोणी एक शब्द काढला नाही. दिलीपभाऊ तेवढं म्हणाले, "सोमवारी या. मी येतो संग. भेऊ नका."

सोमवारी दोघं ओपीडीत आले, तपासणी झाली. कॅन्सर नव्हता. पण गाल आतून कडक झाले होते आणि एक पांढरा चट्टा होता. तिथून वाट कुठे जाते, ते डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पाहुण्यांनी खर्रा सोडला. एकदा लपून पुन्हा खाल्ला, होणाऱ्या सुनेनंच पकडलं, मग खरंच सोडला. लग्न झालं, मुलाच्या गावातच झालं. दिलीपभाऊ मुलीच्या लग्नात उघड्या चेहऱ्यानं अक्षता टाकत होते. मी फोटो काढले नाहीत, जेवले आणि आले.

अमोलचं तसं झालं नाही. त्यानं सोडला, पुन्हा धरला, डॉ. सरोद्यांना टाळायला लागला. बातमी मात्र अजूनही चांगली लिहितो. भेटला की मी विचारते, तो हसून विषय बदलतो. माणसाला फाटकापर्यंत आणता येतं, पुढचं त्याचं त्यालाच चालावं लागतं, हे माझ्या कामात सर्वांत जड गेलं.

लग्नानंतर काही महिन्यांनी दिलीपभाऊंचे व्याही ऑफिसात आले. त्यांच्या गावात शिबिर हवं होतं. "फक्त ताई, पेपरवाले नका आणू," ते म्हणाले. "आमच्या इकडं बायाही खातात. पण दाखवत नाहीत कोणाले."

विश्वस्त म्हणाले, "बातमी होणार नाही, तर कुंदाताई, तुम्ही जाऊन करणार काय?" प्रश्न बरोबर होता. मी रजा टाकली आणि गेले.

शाळेच्या वर्गात डॉक्टर बसले. दाराशी दिलीपभाऊ, येणाऱ्याला बोटं कशी धरायची ते दाखवत. मला काहीच काम नव्हतं, म्हणून मी आत बॅटरी धरून उभी राहिले. पुरुष आले, मग शेतातून परतणाऱ्या बाया आल्या. आधी दोघी, मग घोळक्यानं. त्यांच्यातली एक, माझ्याच वयाची, तोंडावर पदर धरून कितीतरी वेळ भिंतीशी उभी होती. सगळ्या झाल्या तरी ती जागची हलली नाही. शेवटी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, हे पेपरात तं नाही येत नं?"

"नाही," मी म्हटलं. "पेपरात नाही येत."

तिनं पदर खाली घेतला आणि खुर्चीवर बसली.